तिएनशान बर्च: वाई आणि पाचगणीत तीन पावसाळे

निकाल आधीच सांगते, कारण या झाडाची चौकशी करणारे बारा-पंधरा फोन तरी गेल्या वर्षभरात आले. सातारा जिल्ह्यात बंगल्याच्या बागेसाठी तिएनशान बर्च, म्हणजे मध्य आशियातल्या डोंगरांतलं फिकट खोडाचं झाड, लावू नका. वाईत तर नकोच, पाचगणीतही नको. मी हे झाड बियांपासून वाढवलं, तीन वर्षं रोज पाहिलं, त्याच्यावर माझा जीव जडला, आणि तरीही हेच सांगते.

आमची नर्सरी वाईजवळ, पसरणी घाट लागण्याच्या जरा अलीकडे. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आंब्या-चिकूच्या कलमांवर ती उभी केली. मी राहुरीला उद्यानविद्या शिकून या घरात आले आणि हळूहळू वर पाचगणीतल्या बंगल्यांच्या बागा सांभाळायचं काम घेतलं. त्यातल्याच एका बंगल्याच्या साहेबांनी 2021 च्या दिवाळीत मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यांचा मुलगा किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएस करत होता. आपल्याकडची कितीतरी मुलं आता तिकडे असतात. सुट्टीत मित्रांबरोबर तो शहराजवळच्या अला-अर्चा राष्ट्रीय उद्यानात गेला होता. फोटोत मागे बर्फाचे डोंगर, मधून ओढा आणि ओढ्याच्या काठाने फिकट खोडांची बारीक बारीक झाडं. साहेब म्हणाले, "ताई, अशी दहा झाडं मला गेटपासून पोर्चपर्यंत पाहिजेत. डॉक्टर परत येईल तेव्हा त्याला घरी आल्यावर तिथल्यासारखं वाटायला हवं."

बाप मुलासाठी झाड मागतो तेव्हा नाही म्हणणं जड जातं. मी महिनाभर वाचन केलं आणि मगच हो म्हटलं. तेही "करून बघू" एवढंच.

तिएनशान हा मध्य आशियातला डोंगर. नावाचा अर्थ स्वर्गाचा पर्वत. किर्गिझस्तान, कझाकस्तान, ताजिकिस्तान आणि चीनचा शिंजियांग प्रांत एवढ्या भागात हा बर्च आढळतो, डोंगरातल्या घळींमध्ये आणि ओढ्यांच्या काठी. फार उंच होत नाही, दहा-बारा मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. पान लहान, टोकदार, कडेला दुहेरी दाते. किर्गिझ भाषेत बर्चला कायिंग म्हणतात, हे मला डॉक्टरने सांगितलं. तिएनशानच्या याच डोंगरांत रानटी सफरचंदाची जंगलं आहेत, जगभर खाल्लं जाणारं सफरचंद मुळात तिथलंच. अक्रोडाची मोठी जंगलंही तिथे आहेत. त्यांच्या शेजारी हा बर्च कोणाच्या फारसा लक्षातही येत नसेल. पण आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तो धोक्यात असलेल्या झाडांत आहे. चराई आणि सरपणासाठी होणारी तोड ही मोठी कारणं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, बाहेरून स्वस्तात येणारा कोळसा आणि गॅस आटला, आणि थंडीत घर गरम ठेवायला लोकांनी जवळचं झाड तोडलं. उणे वीस अंशांत पोरंबाळं कुडकुडत असताना कुऱ्हाड उचलणाऱ्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही. आपल्या डोंगरांवर सरपणाने काय केलं ते आपण पाहिलंच आहे.

आता बियांबद्दल, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. डॉक्टर फोनवर म्हणाला, "ताई, इथे खाली पडलेलं बी खिशात घालून आणतो की." मी त्याला साफ नाही म्हटलं. एक तर राष्ट्रीय उद्यानातलं धोक्यातल्या झाडाचं बी उचलायचं नसतं. दुसरं, आपल्या देशात बी-रोप आणायला 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे. आयातीचा परवाना आणि निघतानाच्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल तर ते बी आणू नये. विमानतळावर पकडतात म्हणून नव्हे. बियांबरोबर कुठली बुरशी, कुठली कीड येईल ते डोळ्याला दिसत नाही, आणि आली तर खाली घाटात माझ्या शेजाऱ्याच्या हळदीला आणि वर भिलारच्या स्ट्रॉबेरीला ती भोगावी लागते. साहेबांनी रीतसर कागद करून युरोपातल्या एका बी-विक्रेत्याकडून दोन ग्रॅम बी मागवलं. बी, कुरिअर, कागदपत्रं मिळून साडेनऊ हजार रुपये गेले.

त्या विक्रेत्याबद्दल माझी तक्रार आहे. पाकिटावर झाडाचं शास्त्रीय नाव होतं, पण बी कुठल्या डोंगरातलं, कुठल्या साली गोळा केलेलं, की कुठल्या बागेतल्या झाडाचं, यातलं काहीच नव्हतं. दोनदा ईमेल केलं, उत्तर आलं नाही. ही बारीक बाब नाही. बर्चचा पराग वाऱ्याने उडतो. बागेत शेजारी दुसऱ्या जातीचा बर्च असेल तर बी सहज संकरित निघतं. धोक्यातलं झाड जपायचं म्हणून कोणी हे बी घेत असेल तर ठावठिकाणा नसलेल्या पाकिटाचा त्या कामाला काडीचा उपयोग नाही. मी रोपांची पानं, फांदीवरचे राळेचे खरखरीत ठिपके, सगळं वर्णनाशी ताडून पाहिलं. जुळलं. पण छातीठोकपणे सांगायला कागद लागतो, तो माझ्याकडे नाही.

बी हातात घेतलं तेव्हा नानांनी चष्मा वर केला. बर्चचं बी म्हणजे कपाळावर लावायच्या टिकलीहूनही लहान, मधे तिळाच्या चौथाईएवढा दाणा आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक पंख. कागदावर ओतलं आणि कोणीतरी मागून पंखा लावला तर सगळं उडून जाईल. दोन ग्रॅममध्ये काही हजार दाणे. मी त्यातले अंदाजे पाचशे वापरले. ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मिसळून डब्यात भरले आणि दह्याच्या भांड्याशेजारी फ्रिजमध्ये सहा आठवडे ठेवले, म्हणजे बियाला हिवाळा गेल्यासारखं वाटतं. 2022 च्या फेब्रुवारीत ट्रेमध्ये पेरलं. पेरलं म्हणजे नुसतं भुरभुरलं. हे बी झाकायचं नसतं, त्याला उगवायला उजेड लागतो. वर मातीचा थर दिला की संपलं. सकाळ-संध्याकाळ धुक्यासारखा फवारा.

त्रेसष्ट उगवले. पहिल्या तीन आठवड्यांत मर रोग लागून तेवीस कोलमडले, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी देऊनही. चाळीस राहिले. माझ्या मते हे वाईट नाही.

खरी गंमत, खरं शिक्षण, एप्रिलमध्ये सुरू झालं. रोपं चार-पाच पानांवर आली आणि थांबली. खत होतं, पाणी होतं, कीड नव्हती. शेंड्याला मात्र घट्ट तपकिरी डोळा, म्हणजे मिटलेला कोंब, जसा झाड झोपायला निघालं की धरतं तसा. एप्रिलमध्ये! नाना म्हणाले, "ह्ये झाड थंडीचं हाय. त्याला वाटतंय दिवाळी झाली." आणि नाना शब्दशः बरोबर होते. बर्च ऋतू ओळखतो तो दिवसाच्या लांबीवरून. बिश्केकच्या अक्षांशावर जूनमधला दिवस सव्वापंधरा तासांचा असतो. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास. तिकडे दिवस तेरा तासांवर उतरला की उन्हाळा संपत आलेला असतो आणि थंडीची तयारी करायची असते. म्हणजे आपला ऐन उन्हाळा या रोपाला उतरता मोसम वाटतो, आणि ते वाढ आवरतं.

शेवंतीवाल्यांना हे पाठ आहे. शेवंती लवकर कळीवर येऊ नये म्हणून शेतात रात्री बल्ब लावतात, घाटावरून खाली बघितलं की त्या पिवळ्या माळा दिसतात. मी तेच केलं. एव्हाना चौदा रोपं वाईला शेडनेटखाली ठेवली होती आणि सव्वीस वर बंगल्याच्या पोर्चमध्ये नेली होती. त्या सव्वीसांपैकी दहांवर नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब टांगला आणि सूर्य मावळल्यापासून रात्री साडेनऊपर्यंत चालू ठेवला. बंगल्यातल्या काकूंनी, म्हणजे साहेबांच्या आईंनी, बल्ब लावायचं काम स्वतःहून मागून घेतलं. देवापाशी दिवा लावायचा आणि मग बर्चचा बल्ब. एकही दिवस चुकल्या नाहीत.

बाविसाव्या दिवशी बल्बखालच्या तीन रोपांचे डोळे उघडले. सप्टेंबर अखेरीस मी पट्टी लावून मोजलं: बल्बखालची दहा सरासरी अडतीस सेंटिमीटर, बाकीची सोळा सरासरी अकरा. एकच माती, एकच पाणी, एकच पोर्च. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण दिवसाच्या लांबीचा एवढा उघड परिणाम झाडावर मी कधी पाहिला नव्हता. काकूंनी ती पट्टी हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजलं.

पण विचार करा, बागेतल्या दहा मीटरच्या झाडावर कोण बल्ब टांगणार, आणि किती वर्षं?

वाईतल्या चौदा रोपांची हकीगत थोडक्यात सांगते, कारण ती थोडकीच आहे. एप्रिल-मेमध्ये वाईचा पारा चाळिशीला टेकतो. शेडनेट होतं, धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे होते, कुंड्या ओल्या गोणपाटात होत्या. पानांच्या कडा आधी कागदासारख्या वाळल्या, मग लाल कोळी ही कीड आली, पानाच्या मागे धुळीसारखं जाळं. बर्चची मुळं वरच्या थरात असतात आणि त्यांना गारवा लागतो. कुंडीतली माती दुपारी हात लावून बघितली तर कोमट. जून उजाडेपर्यंत पाच उरली, पुढच्या उन्हाळ्यात एकही नाही. पारगाव, शिरवळ, कराड, सांगली या पट्ट्यातल्या कोणी हे झाड लावायचा विचारही करू नये.

पाचगणीची उंची सुमारे तेराशे मीटर. उन्हाळा सोसण्यासारखा, त्यामुळे वर रोपं टिकली. 2023 च्या जूनमध्ये एकोणीस शिल्लक होती. बारा जमिनीत लावली, सात कुंडीत ठेवली. आणि इथे माझी चूक झाली ती सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही परदेशी झाडाला ती होऊ नये. वर सगळीकडे जांभा. दीड-दोन फुटांखाली पहार आपटली की ठण्ण वाजते. मी नेहमीसारखे दोन बाय दोनचे खड्डे घेतले, शेणखत, निंबोळी पेंड, पोयटा भरला. आपल्या जांभळाला, फणसाला हे चालतं, कारण त्यांची मुळं जांभ्याच्या भेगांत शिरतात. या रोपांना ते जमलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक खड्डा म्हणजे छोटी विहीर झाली. पाचगणीत महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो, तरी एवढ्या रोपाला तो पुरून उरतो. तिएनशानमध्ये झाडाला पाणी मिळतं ते वितळणाऱ्या बर्फाचं, थंड, वाहतं, ओढ्याच्या दगडगोट्यांतून निघून जाणारं. इथे कोमट पाणी अडीच महिने मुळाशी साचलेलं. एक रोप उपटून पाहिलं तर मुळांची साल बोटाने सुटून आली आणि आत काळपट दोरा राहिला, वास कुजक्या बटाट्याचा. ऑक्टोबरमध्ये बारापैकी पाच. उरलेल्या पाचांना मग दगड-मुरमाचा फूटभर उंच ढीग करून त्यावर बसवलं. हे आधी करायला हवं होतं.

आणखी एक कारण मला नंतर लक्षात आलं. बर्चच्या मुळांना काही ठरावीक बुरशींची साथ लागते, त्या मुळांभोवती वेढा घालून मातीतलं अन्न झाडाला पोचवतात. घरच्या मातीत त्या असतात. आमच्या निर्जंतुक कोकोपीटमध्ये आणि जांभ्यात त्या कुठून येणार? डोंगरातलं झाड एकटं कधीच वाढत नसतं.

राहिला हिवाळा, ज्यावर साहेबांची सगळी भिस्त होती. "पाचगणीला थंडी पडते ना ताई!" पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, शाल घ्यावी लागते. पण दुपारी पंचवीस. बर्चच्या डोळ्याला नीट उघडायला आठवडेच्या आठवडे सलग गारठा लागतो, पाच-सात अंशांच्या खालचा. आमच्या रोपांना तो हप्त्याहप्त्याने, तासातासाने मिळाला. परिणाम डोळ्यांदेखत दिसला. एकाच रोपाची खालची फांदी जानेवारीत फुटली, शेंडा एप्रिलमध्ये, मधली फांदी फुटलीच नाही आणि वाळली. पानगळही अर्धवट, जुनी तपकिरी पानं नव्या पालवीशेजारी लोंबतात. आजारी माणसाला झोप लागत नाही आणि जागही येत नाही, तसं ते झाड दिसतं. बघवत नाही.

यावर मला हमखास विचारतात, की मग सिल्व्हर ओक कसा जगला? पाचगणीतले सिल्व्हर ओक इंग्रजांच्या काळात लावलेले, आज गावाची ओळख आहेत. पण ते झाड पूर्व ऑस्ट्रेलियातलं, जिथे बर्फ फारसा नाही आणि उन्हाळा आपल्यासारखा. त्याला इथे परकं वाटायचं कारण नव्हतं. आणि स्ट्रॉबेरी? तिलाही थंडी लागते, पण तिची मातृरोपं दरवर्षी परदेशातून येतात. आपण तिची थंडी दर मोसमात नव्याने विकत आणतो. झाडाची थंडी अशी आणता येत नाही.

दिसण्याबद्दल सांगायचं तर फोटोतली पांढरी खोडं वयाने येतात. कोवळा बर्च तांबूस-तपकिरी असतो, आमच्या पेरूच्या फांदीसारखा. पुढे सालीत बेट्युलिन नावाचं पांढरं द्रव्य साठतं, त्याने खोड उजळतं, हात लावला तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. तिएनशान बर्चमध्ये झाडागणिक रंगही वेगळा, कुठे पांढरट, कुठे पिवळसर-गुलाबी. लावल्यावर दोन वर्षांत पांढरी रांग दिसेल असं कोणी सांगत असेल तर त्याने हे झाड वाढवलेलं नाही. त्याच पांढऱ्या द्रव्यामुळे साल पाण्याला दाद देत नाही आणि शतकानुशतकं कुजत नाही.

ही साल आपल्याला परकी नाही. भूर्जपत्र म्हणजे बर्चचीच साल, हिमालयातल्या बर्चची. संस्कृत भूर्ज आणि इंग्रजी बर्च हे शब्दसुद्धा एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत. 1881 मध्ये पेशावरजवळ बख्शाली गावात शेतात सापडलेली गणिताची पोथी भूर्जपत्रावर आहे. गांधार प्रदेशातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध पोथ्याही. काकूंच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेला भूर्जपत्राचा तुकडा आहे, त्यांच्या सासऱ्यांनी बद्रीनाथहून आणलेला. पहिल्यांदा मी त्यांना सांगितलं की पोर्चमधली रोपं या पत्राची चुलत भावंडं आहेत, तेव्हा त्यांनी तो तुकडा सोडून मला दाखवला. हाताच्या तळव्याएवढा, बदामी रंगाचा, त्यावर आडव्या बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे झाडाची श्वास घ्यायची जागा. कडेला नख लावलं तर साल पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होती, कांद्याच्या पातीपेक्षा पातळ.

त्या हिमालयातल्या झाडाचीही ओढाताण झालीच. गंगोत्रीच्या वर, गोमुखाच्या वाटेवर भोजबासा आहे, भोजवृक्षांवरून, म्हणजे याच भूर्जाच्या झाडांवरून, पडलेलं नाव. यात्रेकरूंनी सरपणाला आणि सालीला झाडं तोडून ती जागा उघडी केली. हर्षवंती बिश्त या गिर्यारोहक बाईंनी तिथे पुन्हा भोजवृक्ष लावले, जगवले. तेवढ्या उंचीवर, तेवढ्या थंडीत रोप जगवणं म्हणजे काय, हे आता मला थोडंफार कळतं. त्यांचं झाड तरी स्वतःच्या घरात होतं.

विक्रेत्यांबद्दलही लिहायला हवं. मागच्या वर्षी एक गृहस्थ गाडीत चार रोपं घेऊन आले. 'व्हाइट बर्च' म्हणून ऑनलाइन घेतलेली, अठराशेला एक. पानं झडताहेत म्हणून दाखवायला आणली होती. पान मोठं, त्रिकोणी, चकचकीत. देठ चिमटीत धरून फिरवला तर गोल फिरेना, कारण तो दोन्ही बाजूंनी चपटा होता. शेंड्याचा डोळा चिकट. ती पॉप्लर होती, उत्तरेत प्लायवूडसाठी शेताच्या बांधावर लावतात ती. तुम्हाला कोणी बर्च म्हणून रोप दिलं तर एवढं बघा: बर्चचं पान लहान, कडेला करवतीसारखे दुहेरी दाते, देठ गोलसर. आणि "धोक्यातलं दुर्मिळ झाड" असं सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर बी कुठलं ते विचारा. बागेत लावून झाड वाचतं ते तेव्हा, जेव्हा त्याचं मूळ ठाऊक असतं आणि हवा त्याला मानवते. अमेरिकेत शिकागोजवळच्या मॉर्टन आर्बोरेटमसारख्या वृक्षउद्यानांत अशा झाडांवर मन लावून काम होतं, कारण तिथली थंडी तशी आहे. (तिकडे बर्चचं खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची वेगळी डोकेदुखी आहे, ती आपल्याकडे नाही.) त्या रांगेत आपल्या पोर्चला जागा नाही, आणि ते मान्य करायला मला वाईट वाटतं.

पांढऱ्या खोडाची हौस मात्र मला समजते, आणि ती भागवता येते. आपलं कांडोळ बघा, ज्याला काही गावांत पांढरुखच म्हणतात. कोरड्या, दगडी उतारावर उभं राहतं. हिवाळा संपताना पानं गळून गेली की चांदण्या रात्री त्याचं खोड इतकं लख्ख दिसतं की इंग्रजांनी त्याला भुताचं झाड नाव दिलं. सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात, आत हिरवट-गुलाबी अंग. खडकात मूळ घालायची त्याची शतकांची सवय. खड्डा उथळ असला तरी कुरकुर नाही, फक्त पाणी साचू द्यायचं नाही. फळांवर खाजरी लव असते, म्हणून मुलं खेळतात त्या बाजूला लावू नका. याच्या खोडातून कराया डिंक निघतो आणि त्यापायी ओरबाडून रानातली कांडोळं कमी झाली आहेत. धोक्यातलं झाड जपायची ज्याला खरी इच्छा आहे त्याने इथून सुरुवात करावी. वर पाचगणीला, जास्त पावसात, नाणा घ्या. गुळगुळीत फिकं खोड, साल पातळ पातळ सुटते, उन्हाळ्यात पांढरी फुलं. सह्याद्रीतलं घरचं झाड, जांभ्यात बिनतक्रार. साहेबांच्या गेटपासून पोर्चपर्यंत आता सहा नाणे आहेत. पहिल्याच पावसाळ्यात गुडघ्याच्या वर गेले, आणि मी त्यांच्यासाठी रात्री एकदाही उठले नाही.

म्हणून झाडाला पाचपैकी पाच देते, आपल्या जिल्ह्यातली बागेतली लागवड म्हणून एक, आणि त्या पाकिटाला, ठावठिकाणा न लिहिल्याबद्दल, शून्य.

आज, 2025 च्या फेब्रुवारीत, तीन बर्च शिल्लक आहेत. दोन कुंडीत, एक जमिनीत, पोर्चच्या उत्तरेला, मुरमाच्या ढिगावर. जमिनीतला ब्याण्णव सेंटिमीटर आहे. बल्ब अजून चालू आहे. डॉक्टर डिसेंबरमध्ये शिक्षण संपवून आला. पहिल्या संध्याकाळी तो त्या रोपापाशी उकिडवा बसला, पान हातात घेतलं आणि काहीच बोलला नाही. मीच म्हटलं, "दहा मागितली होती, एक जगलं." तो म्हणाला, "ताई, तिथे ओढ्याशीसुद्धा आता फार नाहीत."

गेल्या सोमवारी खत द्यायला गेले तर काकू मला हाताला धरून घेऊन गेल्या. खोडाच्या बुंध्याशी, जमिनीपासून चार बोटं वर, तांबूस सालीचा एक पापुद्रा सुटून वळला होता. नखाएवढा. त्याच्या आतली बाजू फिकट गुलाबी, आणि त्यावर तीन आडव्या रेघा. काकूंनी चष्मा पुसून त्या मोजल्या. पापुद्रा सुटून पडेपर्यंत तोडायचा नाही असं आमचं ठरलं. पडला की लाल फडक्यात जायचा आहे.